कॉस्टियातले पाच एकर: प्रेपरचा हिशेब वेगळा, होमस्टेडरचा वेगळा

डेन्व्हरमधल्या एका मराठी मित्राने मध्यंतरी एक जाहिरात पाठवली. कोलोरॅडोच्या दक्षिण टोकाची कॉस्टिया काउंटी, पाच एकर, काही हजार डॉलर, तेही हप्त्याने. खाली त्याचा प्रश्न: "घेऊन टाकू का? उद्या काही झालंच तर जायला जागा, आणि रिटायर झाल्यावर शेती." मी म्हटलं, बाबा रे, यात तू दोन वेगळ्या माणसांची स्वप्नं एकत्र कालवलीस. त्या तुकड्यात एकच मावेल, तेही अर्धंमुर्धं.

पहिला माणूस प्रेपर. कोकणात आगोटीची बेगमी करतात, तिचाच हा ताणलेला अवतार. वीज गेली, दुकानं बंद पडली, शहरात दंगल उसळली, तर महिनोन्महिने पुरेल इतकं धान्य, पाणी, औषधं, इंधन, आणि कोणी सहज पोचणार नाही अशी जागा. दुसरा होमस्टेडर. हे नाव रुळलं ते 1862 च्या कायद्यामुळे. पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला तेव्हा सरकार 160 एकर देत असे. ती जमीन कधीच वाटून झाली. आजचा होमस्टेडर म्हणजे विकत घेतलेल्या तुकड्यावर भाजीपाला, कोंबड्या, शेळ्या करून घर चालवू पाहणारा. दोघांच्याही छपरावर सोलर पॅनेल आणि फडताळात लोणच्या-मुरंब्याच्या बरण्या, म्हणून लांबून ते सारखेच दिसतात. पण एकजण वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्याची तजवीज करतो आणि दुसरा उरलेल्या अकरा महिन्यांची.

प्रेपरच्या नजरेने काउंटी बघितली तर गुण बरे पडतात. सुमारे 3,180 चौरस किलोमीटरमध्ये 2020 च्या जनगणनेनुसार जेमतेम 3,500 लोक, म्हणजे चौरस किलोमीटरला एक माणूस. डेन्व्हर दोनशे मैलांवर, मध्ये डोंगर. ऊन भरपूर, त्यामुळे सोलर चालतं. खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळचं शायेन माउंटनचं लष्करी ठाणं, युद्ध झालंच तर ज्यावर नेम धरला जाईल असं, सरळ रेषेत 110 मैलांच्या आसपास. आणि आग. 27 जून 2018 ला फोर्ट गारलंडजवळ वणवा पेटला, तो एक लाख आठ हजार एकर खाऊन थांबला. शंभराहून अधिक घरं गेली, पूर्वेकडे खिंडीतून जाणारा महामार्ग 160 बंद झाला. 'कोणी पोचणार नाही' अशी जागा निवडली की आपल्यालाही निघता येत नाही, हे तिथल्या लोकांनी त्या आठवड्यात पाहिलं.

होमस्टेडरचा प्रश्न मात्र पाण्यापाशी सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. काउंटीचं ठाणं असलेलं सॅन लुइस गाव 2,430 मीटरवर आहे, कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट उंच. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला दोन-अडीचशे मिलिमीटर. दव गोठत नाही असे दिवस साधारण नव्वद. टोमॅटो लालसर होईपर्यंत थंडी दारात. हे सगळं पाणी असेल तर निभावतं. पण कोलोरॅडोत जमीन तुमची झाली म्हणून तिच्याखालचं पाणी तुमचं होत नाही. जो आधी आला त्याचा हक्क आधी, आणि रिओ ग्रांदे नदीच्या पाणीवाटपाच्या 1938 च्या करारानुसार खालच्या न्यू मेक्सिको-टेक्सासचा वाटाही सोडावा लागतो. म्हणून 35 एकरांपेक्षा लहान तुकड्यावर सर्वसाधारणपणे विहिरीचा परवाना मिळतो तो फक्त घरातल्या वापराचा. नळ घरात. बाहेर वाफ्याला पाणी नाही, शेळीच्या बादलीलाही नाही. 35 एकर असतील तर घरगुती जनावरं आणि एकरभर बाग चालते. पावसाचं पाणी? 2016 च्या कायद्याने घराला दोन पिंपांची मुभा दिली, मिळून 110 गॅलन. म्हणजे 416 लिटर.

मग लोक पाणी वाहून आणतात. लोखंडी पिंजऱ्यातली पांढरी चौकोनी प्लास्टिकची टाकी, 275 गॅलनची, पिकअपच्या मागे. भरली की पाण्याचंच वजन टनभर, गाडीचं बूड खाली बसतं आणि कच्च्या रस्त्यावर सगळं हिंदकळत येतं. आता हिशेब करा. दोन माणसांना प्यायला-रांधायला रोज 20 लिटर धरले तर ही टाकी प्रेपरला पन्नास दिवस पुरते. एका गुंठ्यातल्या भाजीला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं तर 500 लिटर लागतात. होमस्टेडरची टाकी दोन दिवसांत कोरडी. आणि पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे.

गंमत अशी की याच काउंटीत शेती दीडशेहून जास्त वर्षं चालू आहे. ती जाहिरातीतल्या माळरानावर नाही, कुलेब्रा नदीच्या खोऱ्यात. न्यू मेक्सिकोतून आलेल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांनी 1851 मध्ये सॅन लुइस वसवलं, पुढच्याच वर्षी गावाचा पाट खणला, आणि कोलोरॅडोतला सलग चालत आलेला सर्वात जुना पाणीहक्क या पाटाचा आहे. असल्या पाटाला असेकिया म्हणतात. पाणीवाटप बघणारा मायोरडोमो, म्हणजे आपल्या धुळे भागातल्या फडावरचा पाटकरीच म्हणा. वसंतात सगळ्यांनी फावडं घेऊन गाळ काढायचा. शेतं नदीपासून टेकडीपर्यंत लांबलचक पट्ट्यांची. त्यात बोलिता जातीच्या घेवड्यासारख्या शेंगा, लसूणघास, आणि मातीच्या भट्टीत भाजून वाळवलेला मका, ज्याला ते चिकोस म्हणतात. (बेगमी हीसुद्धाच. पण हिला कोणी प्रेपिंग म्हणत नाही.) या जुन्या पट्ट्यांबरोबर आणखी एक गोष्ट येते: 2002 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डोंगरावरच्या खासगी रॅंचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या जमिनीवर, चराई, सरपण आणि लाकडाचे हक्क मूळ वसाहतकारांच्या जमिनी आज ज्यांच्या नावावर आहेत त्यांना परत दिले. माळावरच्या पाच एकरांना त्यातलं काही लागू नाही, आणि तिथे जाळायला झाड तर नाहीच.

बाकी राहिलं बांधकाम. नुसती व्हॅन लावून कायम राहता येत नाही, सेप्टिक टाकी हवी. यावरून 2015 मध्ये काउंटी आणि माळावरचे रहिवासी यांच्यात चांगलीच जुंपली होती. हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जाऊ शकतो, आणि लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, तेव्हा ती उबदार कोपऱ्यात ठेवावी लागते.

मित्राला मी एवढंच सांगितलं: संकटात दोन महिने काढायची जागा हवी असेल तर टाकी, सेप्टिक, बॅटरी, बारमाही रस्ता आणि वणव्याच्या वेळी निघायची दुसरी वाट, यांचा खर्च जमिनीच्या भावात मिळवून बघ. शेती करायची असेल तर विकणाऱ्याला जमिनीआधी पाण्याचा कागद माग: परवान्यावर वापर कोणता लिहिलाय, असेकियात वाटा आहे का, कितवा नंबर. त्याने विचारलं. उत्तर आलं, "विहीर तुम्ही खणून घ्या, शेजारी सगळे तसंच करतात."