येऊ द्या, येऊ द्या... बास!

गाडी रिव्हर्स घेताना मागे कुणीतरी उभं राहून ओरडतं, "येऊ द्या, येऊ द्या... बास!" भिंत किती फुटांवर आहे, हे ते कधीच सांगत नाहीत. पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्ट पाइपातला ऑक्सिजन सेन्सर याच जातीचा. तरीही पेट्रोलचं माप त्याच्याच भरवशावर ठरतं.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण जपलं, तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा डबा) तीन प्रकारचे विषारी वायू एकदम निकामी करतो. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या कार्बोरेटरला एवढी अचूकता झेपत नाही. १९७६च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या कडक नियमांसाठी व्होल्वोने बॉशचा सेन्सर गाडीत बसवला.

सेन्सरमध्ये झिर्कोनिया या सिरॅमिकचं टोपण असतं. आत ताजी हवा, बाहेर धूर. धुरात ऑक्सिजन जवळपास नसेल तर सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात, शिल्लक असेल तर ०.१. मधलं काही जवळजवळ नाहीच. व्होल्टेज ०.४५च्या खाली आलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, पेट्रोलचा फवारा सोडणारा इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा ठेवत जातो. वर गेलं की वेळ कमी करत येतो. पण जळलेला वायू सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. 'बास' ऐकू येईपर्यंत गाडी थोडी जास्त मागे गेलेलीच असते! म्हणून मिश्रण कधी स्थिरावत नाही, १४.७च्या अल्याडपल्याड झुलत राहतं. कन्व्हर्टरला त्याचं काही वाटत नाही. त्यातलं सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन उरला की साठवतं, कमी पडला की परत देतं. अडाण्याची युक्ती वाटते, पण मला ती फार आवडते.

सेन्सर साधारण ३०० अंशांपर्यंत तापेस्तोवर मुकाच. तोवर ईसीयू आधी भरून ठेवलेल्या कोष्टकावर चालतो. २०२०च्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतर आपल्या बहुतेक बाइकही याच पद्धतीवर आल्या. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल तर प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. सेन्सर 'ऑक्सिजन उरतोय' म्हणतो आणि ईसीयू हळूहळू माप वाढवतो.

मात्र सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचा जोड गळका असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तोही उरलेलाच ऑक्सिजन वाटतो. इंजेक्टर पेट्रोल वाढवत राहतो, मायलेज घसरतं आणि मेकॅनिक बिचारा प्लग बदलत बसतो.