स्वयंऔषधोपचार

डॉक्टरांना न विचारता, आपणच ओळखलेल्या दुखण्यावर आपल्याच निवडीने औषध घेणे म्हणजे स्वयंऔषधोपचार. मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या घेणे, दुसऱ्याला लिहून दिलेले औषध घेणे, ठरवून दिलेली मात्रा परस्पर बदलणे हेही बहुतेक अभ्यासक यातच धरतात. काही जण ही संज्ञा चिठ्ठीविना विकता येणाऱ्या औषधांपुरतीच ठेवतात. ती व्याख्या सुटसुटीत आहे, पण घरातल्या औषधांच्या डब्याशी तिचा मेळ बसत नाही. म्हणून येथे व्यापक अर्थ घेतला आहे.

चिठ्ठीची आणि बिनचिठ्ठीची औषधे ही विभागणी फार जुनी नाही. अमेरिकेत ती नेमकी केव्हा पडली, याबद्दल मतभेद आहेत. १९३७ मध्ये सल्फानिलामाइड या जंतुसंसर्गावरच्या औषधाच्या द्रवरूपात विद्रावक म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य वापरल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी नवा औषध कायदा आला. त्याच्या मूळ मजकुरात चिठ्ठीची सक्ती नव्हती. अंमलबजावणीच्या नियमांत मात्र, केवळ चिठ्ठीवर विकायच्या औषधांना वेष्टनावर वापराच्या सूचना छापण्यापासून सूट मिळाली. काही इतिहासकार विभागणीचा उगम या सवलतीत पाहतात. काही जण बार्बिट्युरेट (झोपेची औषधे) व सल्फा (सल्फानिलामाइडाच्या वर्गातील) औषधांच्या गैरवापराला अधिक महत्त्व देतात. कायद्यातील स्पष्ट व्याख्या त्यातल्या १९५१ च्या डरॅम-हंफ्री दुरुस्तीने आली, त्यामुळे तेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक ठरते. या वादातून एक गोष्ट मात्र लक्षात राहावी : बिनचिठ्ठीच्या औषधात डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा वेष्टनावरच्या मजकुराने घ्यायची असते.

प्रत्यक्षात वाचले जाते ते दर्शनी भागावरचे व्यापारी नाव. घटक मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो आणि खरी गफलत तिथेच होते. ताप आलेला प्रौढ माणूस पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून चार वेळा घेतो : ४ ग्रॅम, म्हणजे प्रौढांसाठी सामान्यतः सांगितलेली दिवसाची कमाल मर्यादा. नाक वाहते म्हणून तो सर्दीची गोळीही तीन वेळा घेतो. तिच्यातही पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम असेल, तर बेरीज साडेपाच ग्रॅम होते. आपण दोन वेगवेगळी औषधे घेतली, असेच त्याला वाटत राहते.

पॅरासिटामॉलचा बराचसा भाग यकृतात निरुपद्रवी रूपात बदलून लघवीवाटे जातो. थोड्या भागापासून एनएपीक्यूआय हे विषारी द्रव्य बनते व यकृतातलेच ग्लुटाथायोन हे द्रव्य त्याला निकामी करते. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपत जातो आणि यकृतपेशी मरू लागतात. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही, हे या विषबाधेचे सर्वांत घातक लक्षण म्हणावे लागेल. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिल्यास उत्तम काम करतो. म्हणून जास्त मात्रा गेल्याचे कळताच, त्रास होण्याची वाट न पाहता, रुग्णालय गाठावे.

दुसरी गफलत सवयीची. डोकेदुखीची साधी वेदनाशामके महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, महिनोन्‌महिने घेत राहिल्यास ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब लांबले, तर नाक पुन्हा चोंदते आणि माणूस पुन्हा थेंबांकडे वळतो.

प्रतिजैविके बिनचिठ्ठीच्या वर्गात सहसा नसतात, तरी उरलेली प्रतिजैविके सर्दीवर घेतली जातात. सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर त्यांचा उपयोग नाही. अपुऱ्या मात्रेने जंतू प्रतिकारक्षम होतील, हा धोका पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता.

औषधाचा वर्ग किंवा त्याच्या विक्रीचे नियम कायमचे नसतात. ब्रिटनने १९९८ मध्ये पॅरासिटामॉलच्या पाकिटातील गोळ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियात कोडीन हे अफूवर्गीय वेदनाशामक असलेली औषधे १ फेब्रुवारी २०१८ पासून केवळ चिठ्ठीवर मिळू लागली.