बायको पॉझिटिव्ह, नवरा निगेटिव्ह: मग हिपॅटायटिस बी आला कुठून?

प्रेग्नन्सीतल्या रुटीन ब्लड टेस्टमध्ये एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी या रक्तातून आणि सेक्समधूनही पसरणाऱ्या लिव्हरच्या व्हायरसची टेस्ट) पॉझिटिव्ह येतं, मग नवऱ्याची टेस्ट होते, ती निगेटिव्ह निघते, आणि त्यानंतर घरात लिव्हरबद्दल कुणी बोलतच नाही, सगळे बाईच्या चारित्र्यावर येऊन थांबतात. पुरुषांच्या बाबतीतही तेच, लग्न ठरताना मुलाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की बाहेर काहीतरी लफडं असणार असं धरून चालतात. हे वाचलं-ऐकलं की मला खरंच फार वाईट वाटतं, कारण हा संशय बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि तो का चुकीचा हे समजायला फार मोठं विज्ञान लागत नाही.

एचबीएसएजी म्हणजे या व्हायरसच्या बाहेरच्या आवरणातलं प्रोटीन. ते रक्तात सापडलं म्हणजे व्हायरस आत्ता शरीरात आहे, एवढंच कळतं. तो मागच्या महिन्यात आला की तीस वर्षांपूर्वी, हे ही टेस्ट सांगत नाही. सहा महिन्यांनी परत केली आणि तरीही पॉझिटिव्ह आली तर त्याला क्रॉनिक म्हणतात, आणि इथेच खरी गोम आहे. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर त्याचं शरीर बहुतेक वेळा व्हायरस स्वतःच बाहेर काढतं, क्रॉनिक होणारे ५ टक्क्यांपेक्षा कमी. जन्माच्या वेळी किंवा पहिल्या वर्षात लागण झाली तर मात्र जवळपास ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो. म्हणजे आज पंचविशी-तिशीत ज्यांना क्रॉनिक हिपॅटायटिस बी निघतो त्यांच्यातल्या कितीतरी जणांना तो आईकडून जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी मिळालेला असतो, शाळेत जायच्याही आधी. यात कसलं चारित्र्य शोधणार?

मग इतकी वर्षं कळलं कसं नाही? कारण हा व्हायरस लिव्हरच्या पेशी सहसा स्वतः मारत नाही. नुकसान होतं ते आपल्याच इम्यून सिस्टीमने त्या पेशींवर हल्ला केल्यावर, आणि बाळाची इम्यून सिस्टीम त्याला शत्रू म्हणून ओळखतच नाही, त्यामुळे वीस-तीस वर्षं ना कावीळ, ना ताप, ना थकवा. पेशीच्या केंद्रकात व्हायरसच्या डीएनएची एक गोल, बंदिस्त प्रत बसलेली असते. आजची औषधं व्हायरसची वाढ छान दाबून ठेवतात पण ती प्रत काढून टाकू शकत नाहीत, म्हणून पूर्ण बरं होणं अजून क्वचितच घडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे जगात २५.४ कोटी लोक या व्हायरससोबत जगतायत आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाही.

आता निगेटिव्ह नवऱ्याकडे येऊ. नुसती एचबीएसएजी निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही, सोबत अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी या दोन टेस्टही करायच्या, त्या व्हायरसविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी शोधतात. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर त्याला कधीतरी लागण होऊन गेलीय आणि शरीराने ती निपटलीय, त्याला कळलंही नसेल. फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असेल तर ते लसीमुळे आलेलं संरक्षण. आणि तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला लस हवी, लगेच.

ही लस म्हणजे या सगळ्या विषयातली सगळ्यात आनंदाची गोष्ट. १९६० च्या दशकात बरुच ब्लुमबर्ग यांनी हे प्रोटीन शोधलं, त्या कामासाठी त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं, आणि १९८६ पासून यीस्टमध्ये तयार केलेली लस वापरात आहे. तिच्यात फक्त ते आवरणातलं प्रोटीन असतं, अख्खा व्हायरस नसतोच, त्यामुळे लसीने आजार होऊच शकत नाही. नेहमीचे तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. जोडीदारासाठी एक गोष्ट लोक हमखास विसरतात, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजायची. आकडा १० किंवा त्याहून जास्त आला की संरक्षण आहे, कमी आला तर परत डोस घ्यायचे. तोपर्यंत कंडोम. आणि "माझी गोळी चालू आहे, व्हायरल लोड दिसत नाही, मग जोडीदाराला लस कशाला" असं म्हणून टाळू नका (व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण), एचआयव्हीमध्ये व्हायरल लोड दबलेला असला की सेक्समधून लागण होत नाही हे सिद्ध झालंय, हिपॅटायटिस बीबद्दल तशी खात्री कुणी दिलेली नाही.

म्हणूनच मला वाटतं की लग्न ठरतंय तेव्हाच समोरच्याला सांगावं. अवघड आहे, कबूल, नकार येऊ शकतो, पण आधी सांगितलं तर लसीला वेळ मिळतो, आणि नंतर रिपोर्टमधून कळलं तर लपवलं हा घाव आजारापेक्षा जास्त दुखतो. सांगताना सोबत लसीची माहिती द्या, शक्य असेल तर दोघं मिळून डॉक्टरकडे जा.

रोजच्या राहण्यात फार काही बदलावं लागत नाही. मिठी, एका ताटात जेवण, एकच बाथरूम, शिंकणं-खोकणं, यातून हा पसरत नाही. रक्ताशी संबंधित वस्तू मात्र वेगळ्या ठेवायच्या, रेझर, टूथब्रश, नेलकटर, शुगर तपासायची सुई, कारण वाळलेल्या रक्तातही हा व्हायरस निदान सात दिवस टिकतो. रेझरच्या पात्यावर डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशसुद्धा पुरतो. रक्त सांडलं तर ग्लोव्हज घालून ब्लीचच्या पाण्याने पुसायचं, बस.

बाळाचा विचार करताना घाबरायचं कारण नाही, तयारी मात्र हवी. आईचा एचबीईएजी (व्हायरस जोरात वाढत असल्याची खूण) पॉझिटिव्ह असेल आणि काहीच केलं नाही तर बाळाला लागण व्हायची शक्यता ७० ते ९० टक्के, इतकी जास्त. पण करण्यासारखं खूप आहे. व्हायरल लोड दोन लाख युनिटच्या वर असेल तर साधारण २८ व्या आठवड्यापासून टेनोफोविर या व्हायरस दाबणाऱ्या औषधाची गोळी सुरू करतात, ती प्रेग्नन्सीत सुरक्षित मानली जाते. मग डिलिव्हरी झाल्या झाल्या बाळाला दोन इंजेक्शन्स, एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत तयार अँटीबॉडी म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, शक्यतो पहिल्या १२ तासांत. इथे वेळेलाच सगळी किंमत आहे, म्हणून ज्या हॉस्पिटलमध्ये डिलिव्हरी आहे तिथे आधीच विचारून ठेवा की इम्युनोग्लोब्युलिन हजर असेल ना, आणि रात्री-अपरात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डिलिव्हरी झाली तर ते कोण देणार. पुढचे डोसही ठरल्या तारखेला. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथे मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर स्पष्टपणे कमी झाला.

फक्त या कारणासाठी सिझेरियनची गरज नाही. अंगावर पाजता येतं, गोळी चालू असली तरी, फक्त स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर बरं होईपर्यंत त्या बाजूने थांबायचं. वडील पॉझिटिव्ह असतील आणि आईला लसीचं संरक्षण असेल तर मूल होण्यात काहीच अडचण नाही, बाळाची लस मात्र तरीही चुकवायची नाही.

बाळाची टेस्ट ९ ते १२ महिन्यांनी करायची. घाईघाईत आधी केली तर इंजेक्शनमधल्या अँटीबॉडीच रिपोर्टमध्ये दिसतात, आणि लस दिल्यावर काही दिवस एचबीएसएजीसुद्धा खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं, त्यामुळे उगाच रडारड होते.

आणि या सगळ्या धावपळीत आईचं स्वतःचं लिव्हर मागे पडतं. डिलिव्हरीनंतरच्या काही महिन्यांत इम्यून सिस्टीम परत जोर धरते आणि लिव्हरचे एन्झाइम अचानक वाढू शकतात, म्हणून त्या काळात तिची ब्लड टेस्ट ठरवून करायला हवी. गोळी चालू असेल तर "आता बाळ झालं ना" म्हणून मनाने बंद करायची नाही, आजार उसळू शकतो, थांबवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. तिची आई आणि सख्खी भावंडं यांचीही एकदा टेस्ट करून घ्या, कारण व्हायरस आईकडून आला असेल तर त्यांच्यातही कुणी काही न कळता तो घेऊन वावरत असेल.