स्कॅन झाल्यावर मूळ कागद नष्ट करायचे आहेत? परवानगीचा अर्ज असा तयार करा

फायली स्कॅन झाल्या की कपाटे रिकामी करायची घाई होते. पण मूळ अभिलेख नष्ट करायला लेखी मंजुरी लागते, आणि अर्ज बहुतेक वेळा अडतो तो स्कॅनिंगच्या पुराव्यावर.

अर्ज फाइल तयार करणाऱ्या विभागाने करावा. अभिलेख कक्षाकडे फक्त ताबा असतो. ज्या प्रकारच्या कागदाची डिजिटल प्रत लागू कायद्यात चालते, त्याच फायली यादीत घ्या. न्यायालयीन वाद, लेखापरीक्षण किंवा चौकशी सुरू असेल, तर जतन कालावधी संपला असला तरी ती फाइल बाजूला ठेवा. मृत्युपत्र, वचनचिठ्ठी, मालमत्तेचे दस्त आणि कायम जतनाचे अभिलेख यात आणूच नका.

अर्जासोबत लागतात:
- फायलींची यादी: क्रमांक, विषय, पहिल्या व शेवटच्या कागदाची तारीख, पानसंख्या, जतन कालावधी
- स्कॅनिंगचा अहवाल आणि तपासणी पत्रक
- विधी व लेखा शाखेचे ना-हरकत पत्र
- दोन वेगळ्या ठिकाणी बॅकअप असल्याचा दाखला, प्रत्येक फाइलच्या एसएचए-256 हॅशसह (फाइलमधून गणिताने काढलेला ठसा; फाइल बदलली की तोही बदलतो)

तपासणी पत्रकावर सर्वाधिक वेळ द्या. मजकुराच्या कागदांसाठी 300 डीपीआय (दर इंचातले ठिपके) आणि पीडीएफ/ए हे स्वरूप ठेवा. दीर्घकालीन जतनासाठीचे हे मानक 2005 पासून आयएसओ 19005 म्हणून आहे. पाने स्कॅन करण्याआधी हाताने मोजा. मूळ कागद आणि स्कॅन यांत फरक निघतो तो ठरावीक जागी: पाठपोट लिहिलेला कागद एकाच बाजूने गेलेला, दोन पाने चिकटून एकदम ओढली गेलेली, किंवा टाचणीने लावलेल्या चिठ्ठीखाली शेरा झाकला गेलेला. रंगीत शाईतले शेरे कृष्णधवल स्कॅनमध्ये पुसट होतात, म्हणून अशी पाने रंगीतच घ्या.

आकड्यांची पाने मूळ कागद शेजारी ठेवून वाचा. स्कॅनची फाइल लहान करणाऱ्या जेबीआयजी2 पद्धतीच्या दाबणीत (कॉम्प्रेशन) सारखी दिसणारी चिन्हे एकच धरली जाऊ शकतात. 2013 मध्ये काही कॉपी यंत्रांत यामुळे 6 च्या जागी 8 उमटत असल्याचे उघड झाले. पान स्वच्छ दिसते, रक्कम मात्र चुकीची. नुसत्या नजरेखालून घातल्याने हे सापडत नाही. शक्य असेल तिथे ही दाबणी बंदच ठेवा.

मंजुरी आली तरी गठ्ठे महिनाभर राखून ठेवावेत, असे आम्ही सुचवतो. राहिलेले पान बहुधा याच काळात कोणाला तरी हवे असते. नंतर गोपनीय कागद रद्दीत न देता पी-4 पातळीच्या (तुकडे किती बारीक होतात याची श्रेणी) यंत्रात कातरा. त्यात तुकडा 160 चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा राहत नाही. दोन साक्षीदारांच्या सहीचा नाश-दाखला घ्या आणि त्याचा क्रमांक त्याच दिवशी डिजिटल फाइलच्या नोंदीत चढवा.