अ‍ॅरिझोनाचंच पाणी पहिलं का कापतात? जरा मागचा इतिहास

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीला टंचाई जाहीर झाली की सगळ्यात मोठी कात्री अ‍ॅरिझोनाला लागते, २०२२ साली तर राज्याच्या वाट्यातलं जवळपास १८ टक्के पाणी गेलं आणि पिनाल काउंटीतल्या कापूसवाल्या शेतकऱ्यांना रानं पडीक टाकावी लागली. लोक म्हणतात वाळवंटच ते, असं होणारच. पण हे आभाळाने नाही, कागदाने ठरवलंय.

आज फिनिक्स शहर आहे तिथे होहोकाम या जुन्या मूळ रहिवाशांनी सॉल्ट नदीवर शेकडो मैल कालवे खणले होते, तेही लाकडी-दगडी अवजारांनी! साधारण १४५० पर्यंत त्यांची वस्ती मोडली. १८६७ मध्ये जॅक स्विलिंगने त्याच जुन्या चरांतून परत पाणी खेळवायला घेतलं, राखेतून उठलेलं गाव म्हणून नाव पडलं फिनिक्स. तिकडे हिला नदीकाठी अकिमेल ओओधाम, म्हणजे नदीचीच माणसं, पिढ्यानपिढ्या शेती करत होती, त्यांचं पाणी वरच्या अंगाला आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी वळवलं आणि धान्य पिकवणारी माणसं उपाशी मेली. मला या सगळ्या इतिहासात हेच सगळ्यात जास्त लागतं.

१९१२ मध्ये अ‍ॅरिझोना अमेरिकेचं राज्य झालं. तांबं, गुरं, कापूस, संत्री-लिंबं आणि कोरडी हवा यांवर पोट होतं. त्यातलं तांबं आजही जोरात आहे, त्यात आता चिप कारखाने आलेत. पण हे सगळं चालतं पाण्यावर.

१९२२ मध्ये सात राज्यांचा नदी-करार झाला, तो बरसलेल्या वर्षांचे आकडे धरून, म्हणजे नदीत नसलेलं पाणीही वाटून टाकलं. अ‍ॅरिझोनाचा त्या करारावर भरवसा नव्हता, १९४४ पर्यंत मान्यताच दिली नाही, आणि १९३४ मध्ये तर गव्हर्नरने कॅलिफोर्नियाला पाणी नेण्यासाठी कोलोरॅडोवर बांधलं जाणारं पार्कर धरण अडवायला नॅशनल गार्डचे सैनिक पाठवले. शेवटी १९६३ ला सुप्रीम कोर्टाने वर्षाला २८ लाख एकर-फूट दिलं, आपल्या हिशोबात साधारण १२२ टीएमसी.

पण नदी पश्चिम सीमेवर आणि शहरं आत लांब, वर चढावर. कालव्याला केंद्राचा पैसा हवा, अमेरिकेच्या संसदेत कॅलिफोर्नियाचं वजन, मग १९६८ ला सौदा झाला की कालवा घ्या, पण टंचाईत आधी कॅलिफोर्नियाचं भरायचं. अ‍ॅरिझोनाने सही केली. १९७३ ते १९९३, वीस वर्षं काम चालून ३३६ मैलांचा कालवा झाला, पंपांनी पाणी जवळपास २९०० फूट वर चढवतात. आज कपात येते ती याच कालव्यावर.

आणि २००४ च्या कायद्याने हिला नदीकाठच्या त्या ओओधाम लोकांना पाण्याचा हक्क परत मिळाला. या कालव्यातला सगळ्यात मोठा वाटा आज त्यांचा आहे.