मॅकची सिस्टिम, दुसऱ्याचे यंत्र

१९८४ साली आलेल्या अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश (मॅक) या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम फ्लॉपीवरून सुरू होत असली, तरी खिडक्या, मेन्यू आणि अक्षरे पडद्यावर रेखाटणारा तिचा मोठा भाग ‘टूलबॉक्स’ या नावाने रॉम चिपमध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या स्मृतीत, कायमचा बसवलेला होता. प्रोग्रॅमला खिडकी उघडायची असली, की तो १०१० या चार बिटांनी सुरू होणारी सूचना देई. मोटोरोलाच्या ६८००० प्रोसेसरमध्ये अशा सूचनांना कोणताच अर्थ दिलेला नसल्याने तो चालू काम थांबवून ठरलेल्या पत्त्यावर जाई, आणि तिथला कोड तक्ता पाहून टूलबॉक्समधला नेमका भाग चालवी. ही युक्ती चलाख होती खरी, पण तिच्यामुळे सिस्टिम त्या प्रोसेसरला आणि त्या चिपला जखडली गेली.

१९९२ मध्ये अ‍ॅपल आणि नोव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्यांनी ‘स्टार ट्रेक’ या सांकेतिक नावाच्या प्रकल्पात मॅकच्या सिस्टिमची तेव्हाची आवृत्ती, सिस्टिम ७, साध्या पीसीतल्या इंटेलच्या ४८६ प्रोसेसरवर चालवून दाखवली. मात्र मॅकचे जुने प्रोग्रॅम तिच्यावर जसेच्या तसे चालणार नव्हते. पुढच्याच वर्षी प्रकल्प गुंडाळला गेला.

१९९५ पासून अ‍ॅपलने सोपी वाट धरली आणि पॉवर कॉम्प्युटिंगसारख्या कंपन्यांना मॅकसारखे संगणक बनवून विकण्यासाठी शुल्क घेऊन सिस्टिमचा व रॉमचा परवाना दिला. तांत्रिक अडसर असा सुटला, पण हिशेब चुकला. नवे ग्राहक मिळण्याऐवजी अ‍ॅपलचेच ग्राहक या स्वस्त आणि वेगवान यंत्रांकडे वळू लागले. परवाने सिस्टिम ७ पुरते असल्याने, ७.७ म्हणून येऊ घातलेली आवृत्ती जुलै १९९७ मध्ये ‘मॅक ओएस ८’ या नावाने बाजारात आली आणि बहुतेक परवानाधारकांची वाट बंद झाली. नुसत्या आकड्याने साधलेली ही कोंडी मला त्या साऱ्या अभियांत्रिकीपेक्षा जास्त परिणामकारक वाटते.

२००६ पासून मॅकमध्येच इंटेलचे प्रोसेसर आले, तेव्हा साध्या पीसीपासून त्याला वेगळे ठेवणारे फारसे काही उरले नाही. एक कुलूप मात्र होते: फाइल्स दाखवणारा फाइंडर आणि प्रोग्रॅमची चिन्हे मांडणारा डॉक हे सिस्टिमचे प्रोग्रॅम डिस्कवर कूटबद्ध असत आणि ते उलगडण्याची किल्ली मॅकमधल्या एका छोट्या चिपमध्ये असे. हौशी मंडळींनी त्या चिपची नक्कल करणारे सॉफ्टवेअर लिहून ‘हॅकिंटॉश’, म्हणजे मॅकची सिस्टिम चालवणारे साधे पीसी, उभे केले. सायस्टार नावाच्या कंपनीने २००८ मध्ये असे संगणक विकायला घेतले, तेव्हा मात्र प्रकरण अमेरिकेतल्या न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये निकाल प्रताधिकाराच्या मुद्द्यावर अ‍ॅपलच्या बाजूने लागला.