लेकी बोले सुने लागे: हक फिन वर्गात आला कसा

मुलगी अकरावीत आहे. इकडे न्यू जर्सीत त्याला ज्युनिअर इयर म्हणतात आणि इंग्लिशच्या तासाला वर्षभर अमेरिकन लिटरेचर असतं. मध्ये टीचरचा मेल आला की आता मार्क ट्वेनचं 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन' सुरू करतोय, पुस्तकात काळ्या लोकांसाठीचा एक अपमानाचा शब्द खूप वेळा येतो, तो वर्गात मोठ्याने वाचला जाणार नाही, कुणाला मुलासाठी दुसरं पुस्तक हवं असेल तर कळवा. मी तो मेल दोनदा वाचला. आमच्या वेळी पुस्तकात कुठला धडा आहे हे आईबाबांना परीक्षेच्या आदल्या रात्री कळायचं. मग डोक्यात किडा वळवळायला लागला की दीडशे वर्षं होत आली त्या पुस्तकाला, शाळेत कधीपासून आहे कुणास ठाऊक, तरी अजून आधी परवानगी का मागावी लागते? थोडं खणत गेले आणि पसारा बराच मोठा निघाला.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. हक हा तेरा-चौदा वर्षांचा उनाड पोरगा, बाप दारुडा आणि मारकुटा, त्याच्या तावडीतून तो पळतो. मिस वॉटसन नावाच्या बाईंचा गुलाम जिम, आपल्याला दक्षिणेत विकणार आहेत असं कानावर आल्यामुळे तोही पळालेला. दोघं तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून खाली खाली जातात. काळ साधारण १८३५ ते १८४५, म्हणजे गुलामगिरी कायदेशीर असतानाचा, पण पुस्तक लिहिलंय गुलामगिरी संपल्यानंतर, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. ट्वेनने १८७६ च्या उन्हाळ्यात एल्मायरा, न्यूयॉर्कला सुरुवात केली, मग मध्येच सोडून दिलं, परत घेतलं, १८८२ मध्ये नदीवर एक फेरी मारून आला आणि १८८३ मध्ये संपवलं. याच काळात, १८७७ मध्ये, दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि काळ्या लोकांना कागदावर मिळालेले हक्क एकेक करून काढून घ्यायला सुरुवात झाली. म्हणजे तो चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगत होता आणि टोमणे समोर बसलेल्यांना मारत होता. आपल्याकडे याला लेकी बोले सुने लागे म्हणतात. पुढचं सगळं भांडण मला तरी याच म्हणीत बसलेलं दिसतं.

आता शाळेतली मुलं हे पुस्तक 'सटायर' म्हणजे उपहास म्हणून शिकतात, तर तो सटायर चालतो कसा ते बघा. हक हा सांगणारा आहे आणि तो अजिबात विनोदी नाही, तो अगदी गंभीरपणे जे दिसतं ते सांगतो. दोन खानदानी घराणी चर्चमध्ये जातात, बंदुका मांडीशी उभ्या करून बंधुप्रेमावरचं प्रवचन ऐकतात, घरी येताना फार छान झालं म्हणून कौतुक करतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांची पोरं गोळ्या घालून मारतात. हकला यात विसंगती दिसत नाही, ती आपल्याला दिसायची. बत्तिसाव्या प्रकरणात हक एका फार्मवर पोचतो, सॅली मावशी त्याला भलताच पाहुणा समजते, आणि उशीर का झाला याचं कारण म्हणून तो थाप मारतो की बोटीवर स्फोट झाला. ती म्हणते, अगं बाई, कुणाला लागलं तर नाही ना? तो म्हणतो, नाही हो, एक अमुक मेला. (अमुकच्या जागी तो शब्द.) ती म्हणते, नशीब, कारण कधीकधी माणसांना लागतं हो.

बस, चार ओळी. सॅली मावशी दुष्ट नाहीये, उलट प्रेमळ, देवभोळी, पाहुण्याला पोटभर खाऊ घालणारी आहे, आणि म्हणूनच ते वाक्य पोटात गुद्दा मारल्यासारखं लागतं. पण हे लागायला वाचणाऱ्याला कळायला पाहिजे की इथे थट्टा कुणाची चालली आहे. नाही कळलं तर ती ओळ म्हणजे एक वंशद्वेषी जोक आहे आणि संपलं.

गंमत म्हणजे पुस्तक आलं तेव्हा या शब्दावर फारशी कुणाची हरकतच नव्हती. डिसेंबर १८८४ मध्ये इंग्लंड आणि कॅनडात आलं, अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये, ट्वेनच्या स्वतःच्याच प्रकाशन कंपनीतर्फे, घरोघरी एजंट पाठवून आगाऊ ऑर्डर घ्यायच्या पद्धतीने. उशिराचं एक कारण असं की छपाईच्या वेळी कुणीतरी एका चित्रात चावटपणा केला, सॅली मावशीचा नवरा अंकल सायलस, त्याच्या पँटीच्या ठिकाणी नको ते कोरून ठेवलं, ते लक्षात आल्यावर धावाधाव, पानं बदला, आणि खोडसाळ माणूस शोधून देणाऱ्याला ५०० डॉलरचं बक्षीस. ख्रिसमसचा धंदा गेला.

मार्च १८८५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या काँकॉर्ड गावच्या लायब्ररीने पुस्तक ठेवायचं नाही असं ठरवलं. हे तेच काँकॉर्ड, एमर्सन आणि थोरो या नामवंत लेखकांचं. त्यांचा आक्षेप काय, तर भाषा अडाणी, वागणूक गावंढळ, सभ्य घरातल्या मुलांनी वाचण्यासारखं नाही, झोपडपट्टीला शोभेल असं. ट्वेनने आपल्या प्रकाशकाला लिहिलं की झकास जाहिरात झाली, यावर आपल्या २५,००० प्रती नक्की खपतील. १९०५ मध्ये ब्रुकलिनच्या लायब्ररीत मुलांच्या खोलीतून हक आणि ट्वेनच्याच दुसऱ्या पुस्तकातला टॉम सॉयर, दोघांना बाहेर काढलं तेव्हाही तक्रार हीच, हक अंग खाजवतो, आणि घामाला नीट सुसंस्कृत शब्द न वापरता गावठी शब्द वापरतो. खरंच, हे कारण होतं. माणूस विकला जातोय त्याचं काही नाही, पोरगं खाजवतंय हे वाईट.

मग हे शाळेत आलं कसं? तर समीक्षकांच्या खांद्यावर बसून. ट्वेन १९१० मध्ये गेला. पुढे १९३५ मध्ये कादंबरीकार हेमिंग्वेने लिहून टाकलं की सगळं आधुनिक अमेरिकन साहित्य या एका पुस्तकातून निघालंय (त्याच दमात त्याने शेवटची प्रकरणं वाचू नका असंही सांगितलं, पण ते कुणी उद्धृत करत नाही). १९४८ मध्ये समीक्षक लायनेल ट्रिलिंगने एका कॉलेज आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, १९५० मध्ये कवी टी. एस. एलियटने दुसऱ्या एका आवृत्तीला, तो पण ट्वेनसारखा मूळचा मिसुरी राज्याचाच, सेंट लुईसचा. दुसरं महायुद्ध नुकतं संपलेलं, अमेरिकेला आपलं असं, इंग्लंडचं उष्टं नसलेलं अभिजात साहित्य हवं होतं, कॉलेजात प्रचंड गर्दी झालेली, तिथे शिकलेले लोक शिक्षक होऊन हायस्कुलात गेले आणि हकला घेऊन गेले. नदी हा देव आहे, हक हा नायक आहे, एकतिसाव्या प्रकरणात जिमला पकडून देणारं पत्र फाडून तो म्हणतो ना, ठीक आहे, मग जाईन नरकात, ते म्हणजे अमेरिकन सदसद्विवेकाचं शिखर, असं शिकवायला सुरुवात झाली. ते शिखर आहेच, मला स्वतःला ते प्रकरण वाचताना गलबलून आलं, कारण त्याला खरोखर वाटतंय की तो पाप करतोय. धर्म, कायदा, शेजारी, शाळा, सगळ्यांनी त्याला शिकवलंय की दुसऱ्याचा गुलाम पळवणं म्हणजे चोरी.

पण वेळ बघा. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्राउन केसमध्ये सांगितलं की गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत. म्हणजे एका बाजूने हक फिन हायस्कूलच्या यादीत पक्का होतोय आणि दुसऱ्या बाजूने पहिल्यांदाच गोऱ्या शाळेच्या वर्गात एखाददुसरा काळा मुलगा येऊन बसतोय. गोऱ्या टीचर, पंचवीस गोरी मुलं, हा एकटा, आणि मोठ्याने वाचन चाललंय अशा पुस्तकाचं ज्यात तो शब्द दोनशेहून जास्त वेळा येतो. बोलायचं होतं लेकीला, लागायचं होतं सुनेला, आणि लागलं भलत्यालाच. टीचरने शब्द उच्चारला की सगळी डोकी त्याच्याकडे वळायची, असं काळ्या माणसांनी पुढे अनेकदा सांगितलंय, आणि मधल्या सुटीत तोच शब्द त्याच्यावर फेकायला आता पुस्तकाचा दाखलाही होता. १९५७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने खालच्या वर्गांच्या मंजूर यादीतून पुस्तक काढलं, हायस्कुलात ठेवलं. हरकतीचं कारण असं पूर्ण बदललं. पूर्वी हक गावंढळ म्हणून नको होता, आता जिमसाठी नको.

सगळ्यात मजेशीर, म्हणजे रडू येईल अशी मजा, १९८२ मध्ये व्हर्जिनियात झाली. फेअरफॅक्स काउंटीतल्या शाळेत जॉन वॉलेस नावाच्या काळ्या प्रशासकाने हे पुस्तक म्हणजे वंशद्वेषी कचऱ्याचा सर्वात ओंगळ नमुना आहे असं म्हणत ते अभ्यासातून काढा अशी मागणी केली. शाळेचं नाव, मार्क ट्वेन इंटरमीजिएट स्कूल. पुढे त्यांनी तो शब्द काढून स्वतःची एक आवृत्तीही छापली. लोक त्यांच्यावर हसले, सटायर कळत नाही म्हणाले. मला ते हसणं जरा स्वस्त वाटतं. ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांबद्दल बोलत होते, आणि त्या वयात उपहास आपसूक कळतो असं नाही, तो शिकवावा लागतो, नाहीतर फक्त शब्द लक्षात राहतो.

अ‍ॅरिझोनातल्या टेम्पीच्या एका आईने तर कोर्टात नेलं. १९९८ मध्ये नवव्या सर्किट कोर्टाने (म्हणजे केंद्राच्या अपील कोर्टाने) निकाल दिला तो मला फार शहाणा वाटतो: पुस्तक अभ्यासाला लावलं म्हणून दावा चालणार नाही, कोर्ट पुस्तकं काढायला लावणार नाही, पण मुलांना शाळेत वंशावरून छळलं जात असेल आणि शाळा डोळे मिटून बसली असेल तर त्यावर मात्र दावा चालेल. म्हणजे पुस्तक आणि वर्ग या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या. आमच्याच राज्यात चेरी हिल गावात नव्वदीच्या दशकात असाच वाद झाला तेव्हा शिक्षक, पालक आणि अभ्यासक एकत्र बसले आणि कादंबरीआधी गुलामगिरीचा इतिहास आणि त्या शब्दाचा इतिहास शिकवायचा असा अभ्यासक्रम तयार झाला. मुलीच्या टीचरचा मेल बहुतेक त्याच वळणाचा असावा. २०११ मध्ये अलाबामातल्या एका प्रकाशनाने त्या शब्दाच्या जागी 'स्लेव्ह' घालून आवृत्ती काढली, संपादक ट्वेनचेच अभ्यासक अ‍ॅलन ग्रिबेन. हेतू चांगला, पण सॅली मावशीच्या त्या चार ओळींत 'स्लेव्ह' घालून बघा, सगळी धार बोथट. काळ्या कादंबरीकार टोनी मॉरिसन त्याच्या खूप आधी, १९९६ मध्ये, म्हणून गेल्या होत्या की असली कापाकापी मोठ्यांची समजूत घालायला असते, मुलांना शिकवायला नाही. आणि त्या काही पुस्तकाच्या भगत नव्हत्या, पहिल्यांदा वाचताना आपण धास्तावलो होतो हेही त्यांनीच लिहिलंय.

इथे एक मुंबईची गोष्ट सांगायलाच हवी. १८९६ च्या जानेवारीत ट्वेन व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबईत आला होता, काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात उतरला. खोली दाखवायला एक धिप्पाड जर्मन आलेला, बरोबर हॉटेलची नोकर मंडळी. एक नोकर गुडघ्यावर बसून बाल्कनीचं दार नीट करत होता, ते त्या जर्मनच्या मनासारखं झालं नाही, आणि काय चुकलं ते सांगायच्याही आधी त्याने नोकराच्या थोबाडीत दिली. नोकराने निमूट सोसलं. ट्वेन लिहितो की असं मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं, एका क्षणात मी परत माझ्या लहानपणी गेलो, गुलामाला आपलं म्हणणं समजावून सांगायची हीच रीत होती. त्याला वडील आठवले, पोरांवर सहसा हात न टाकणारे, पण घरातल्या लुईस नावाच्या गुलाम मुलाला बारीकसारीक चुकीसाठी चापट मारणारे, आणि तेव्हा ते आपल्याला चूक वाटलं नव्हतं हेही आठवलं. हक फिन लिहून बारा वर्षं झाली होती. सॅली मावशी कुठून आली हे मला त्या मुंबईच्या पानावरून जास्त कळलं, ती त्याच्या घरातलीच होती.

आता ताजं म्हणजे पर्सिव्हल एव्हरेटची 'जेम्स' ही कादंबरी, २०२४ ची, तीच गोष्ट जिमच्या तोंडून. तिला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं आणि २०२५ मध्ये पुलित्झरही. त्यात गुलाम माणसं गोऱ्यांसमोर मुद्दाम अडाणी बोलतात आणि आपसात अस्खलित इंग्लिश. मुलीच्या यादीत ती ऐच्छिक वाचनाला आहे.

परवा त्यांचं सहावं प्रकरण झालं. हकचा बाप दारू पिऊन सरकारच्या नावाने खडे फोडतो: ओहायोचा एक काळा माणूस आलाय, गुलाम नाही, स्वच्छ शर्ट घालतो, सोन्याचं घड्याळ लावतो, कॉलेजात प्रोफेसर आहे, आणि वर त्याला तिकडे मत देता येतं, मग मी यापुढे कधी मतच देणार नाही जा. अक्षरशत्रू बेवडा, मुलगा वाचायला शिकला म्हणून त्याला बडवणारा, आणि तोरा हा. टीचरचा नियम असा की तो शब्द आला की क्षणभर थांबायचं आणि पुढे जायचं. मुलगी म्हणाली, आई, त्या एका भाषणात इतक्यांदा थांबावं लागलं की प्रत्येक वेळी सगळे मान खाली घालून पानात बघत होते. मग बाप बोलता बोलता खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पिंपावर अडखळून उलटापालटा होतो आणि दोन्ही नडग्या सोलटून घेतो, तेव्हा कुठे वर्ग हसला.